औतें व हत्यारें ठेवण्याची जागा

आमच्या घरांत धान्यास कणगी आहे, कडब्यास गंज आहे, गुरांस गोठा आहे. परंतु औतांस व हत्यारांस स्वतःची अशी जागा बहुधा नसते. पांभर गोठ्याच्या माळ्यावर, कुळव बांधावरच्या लिंबाखालीं, फवारणीचा पंप पडवींत युरियाच्या पोत्याशेजारीं आणि पाना सांपडेल तेथें, अशी व्यवस्था पुष्कळ ठिकाणीं दृष्टीस पडते. हीं साधनें बाराही महिने कामांत असतीं, तर इतकें बिघडलें नसतें. परंतु पेरणीचें काम खरीप-रब्बी मिळून थोड्या दिवसांचें. वर्षाचे उरलेले महिने पांभर नुसती पडून असते. शेतांत होते त्याहून तिची हानि या पडून राहण्यांत अधिक होते.

हा प्रश्न केवळ दुरुस्तीच्या पैशाचा नाहीं. मृगाचा पाऊस होऊन वापसा आला म्हणजे हलक्या जमिनींत तो फार दिवस टिकत नाहीं. त्याच सकाळीं चाड्याची नळी उंदरांनीं कुरतडलेली निघाली, किंवा दिंडास वाळवी लागून फण सैल झालेला आढळला, तर सुतार गांठेपर्यंत वापसा निघून जातो. कारण त्या दिवशीं साऱ्या गांवचें काम त्याच्याच दारीं आलेलें असतें. ट्रॅक्टरवाल्यांचीही गत वेगळी नाहीं. पेरणीयंत्राची साखळी गंजून धरली, तर घोड्यांच्या शक्तीचा कांहीं उपयोग होत नाहीं.

लक्ष्मणराव किर्लोस्करांनीं १९०३ सालीं लोखंडी नांगर काढला, तेव्हां लोखंडानें जमीन बिघडेल अशी शंका शेतकरी घेत असत, असें सांगतात. ती शंका गेली व लोखंड घरोघर आलें. पण वस्तु ठेवण्याची रीत लांकडी औताच्या काळचीच राहिली. लांकडी नांगर पावसांत कुजला, तर बांधावरच्या बाभळीचा दुसरा करतां येई. लोखंडाचें तसें नाहीं.

जागा फार मोठी नको. बैलांची औतें, हातहत्यारें व पंप यांस वीस फूट लांब व बारा फूट रुंद अशी पडवी पुरते. ट्रॅक्टर ठेवणें असल्यास त्याच्या मापानें वाढवावी व दरवाजा दहा फूट तरी ठेवावा. आपल्याकडे पावसाची झड पश्चिमेकडून व नैर्ऋत्येकडून येते, म्हणून दार पूर्वेस असावें. जोतें अंगणापेक्षां फूटभर उंच घ्यावें व पागोळ्यांचें पाणी दूर जाईल असा चर काढावा. फरशी नसली तरी चालेल, परंतु मुरूम चांगला धुमसलेला पाहिजे. छपरास नवे पत्रे असोत कीं जुनीं कौलें असोत, तें गळूं नये, एवढें पुरे.

लोखंड गंजण्यास पाणी व हवा दोन्हीं लागतात. फाळास चिकटलेली माती ओल धरून ठेवते, म्हणून काम संपतांच तो खरवडून, पुसून, ग्रीसचा पातळ हात द्यावा. इंजिनांतून काढलेलें काळें तेल फुकट मिळतें म्हणून बहुतेक तेंच लावितात. पण त्यांत जळलेल्या इंधनाचीं आम्लें व धातूचा कीस असतो, आणि पुढें तें सारें आपल्याच मातींत जातें. ग्रीस एवढें महाग नाहीं. काळ्या जमिनींत या गोष्टीस विशेष महत्त्व आहे. कारण नांगराचा पंखा गंजून खरखरीत झाला कीं माती त्यावरून घसरत नाहीं, चिकटून बसते, आणि तो भार बैलांच्या खांद्यावर किंवा डिझेलच्या खर्चावर पडतो. रासायनिक खतें हवेंतील ओल शोषून घेतात व त्यांचे क्षार लोखंड झपाट्यानें खातात. यास्तव खताचीं पोतीं या जागेंत मुळींच ठेवूं नयेत, आणि पेरणीयंत्राची खताची पेटी त्याच संध्याकाळीं रिकामी करून धुवावी.

लांकडाचा शत्रु जमीन होय. दिंड, रुमणें, जूं हीं भुईवर न टेकवितां आडव्या वाशांवर किंवा दगडांवर ठेवावीं, म्हणजे वाळवी लागल्यास लवकर दिसते. दांड्यांस वर्षांतून एकदां जवसाचें तेल पुसावें. मात्र त्या तेलाचे बोळे चुरगळून कोपऱ्यांत टाकूं नयेत. हें तेल वाळतांना उष्णता निघते व असा बोळा काडी न लावतांही पेट घेऊं शकतो. तो बाहेर पसरून वाळवावा किंवा पाण्यांत बुडवावा.

हातहत्यारें भिंतीवर टांगावीं. खुरपीं, विळे, कुदळ, पहार, टिकाव, प्रत्येकास स्वतंत्र खुंटी असावी, आणि त्या वस्तूची आकृति मागें गेरूनें काढून ठेवावी; म्हणजे संध्याकाळीं नुसती नजर फिरवितांच काय परत आलें नाहीं तें कळतें. खुरपीं व विळे बायकांच्या हातास सहज लागतील एवढ्या उंचीवर असावे. ठिबकच्या नळ्या गुंडाळून उंच टांगाव्या. त्यांस ऊनही सोसत नाहीं व उंदीरही. भुई मोकळी राहिली कीं उंदरांस थारा नाहीं, आणि उंदीर नाहींत तेथें साप सहसा येत नाहीं.

फवारणीच्या विषास आपण औषध म्हणतों, हेंच मुळीं घातक आहे. सन २०१७ मध्यें यवतमाळ जिल्ह्यांत कपाशीवर फवारणी करतांना विषबाधा होऊन अनेक माणसें दगावलीं; तेव्हांपासून फवारतांना थोडी सावधगिरी आली, पण घरांत उरलेली बाटली अजून माजघराच्या फळीवर असते. तिला कुलुपाची पेटी पाहिजे, व किल्ली एकाच जबाबदार माणसाकडे. पोराच्या हातीं ती लागूं नये हें तर खरेंच, पण निराशेच्या एखाद्या क्षणीं मोठ्या माणसाचा हातही तेथें सहज पोंचूं नये. विष दुसऱ्या बाटलींत कधींही ओतूं नये. मूळ डब्यावरील त्रिकोणाचा रंग, लाल, पिवळा, निळा कीं हिरवा, यावरूनच त्याची तीव्रता कळते, आणि डॉक्टरांसही तोच डबा दाखवावा लागतो. तणनाशकाचा पंप निराळा ठेवून त्यावर ठळक खूण करावी. टू-फोर-डी मारलेला पंप नीट न धुतां कपाशीवर नेला, तर उरलेल्या अंशानेंही पानें आकसून वेडींवांकडीं होतात.

पेट्रोलची वाफ हवेपेक्षां जड असून जमिनीलगत पसरते. चूल किंवा दिवा जवळ असूं नये. कोळपणीचें पेट्रोल-यंत्र कांहीं महिने ठेवून द्यावयाचें असल्यास टांकी रिकामी करावी, नाहींतर आंत चिकट साका धरतो. बॅटरीचा पंप महिन्यांतून एकदां तरी भारित करावा. उतरलेली बॅटरी तशीच ठेवल्यास शिशाच्या पत्र्यांवर कठीण थर बसून ती निकामी होते.

दाराच्या आंतल्या बाजूस एक दगडी पाटी टांगावी. कोणती वस्तु कोणीं, केव्हां नेली, हें तीवर लिहावें. शेजाऱ्यास पहार न देणें गांवांत शोभत नाहीं, आणि देऊन विसरणें परवडत नाहीं. घरच्या माणसांनींही आपलीं नांवें लिहिलीं म्हणजे शेजाऱ्यास वाईट वाटत नाहीं. पाटीच्या खालच्या भागांत मोडलेल्या वस्तूंची नोंद ठेवावी, व ती उतरून घेऊन फाल्गुन-चैत्रांत, सुतार-लोहारांस सवड असते तेव्हां, त्यांच्याकडे जावें.