‘कन्नड’ शब्दाचा शोध आणि शोधयंत्रांचे आंकडे

(१) कन्नड हें औरंगाबाद (सांप्रत छत्रपती संभाजीनगर) जिल्ह्यांतील तालुक्याचें गांव. पितळखोऱ्याचीं लेणीं व अंतूरचा किल्ला याच तालुक्यांत असल्यामुळें इतिहासाच्या अभ्यासकांस तें अपरिचित नाहीं. त्याविषयीं माहिती काढण्यासाठीं ‘कन्नड’ हा शब्द आंतरजालावरील निरनिराळ्या शोधयंत्रांस दिला, तर जुळणाऱ्या पृष्ठांची जी संख्या तीं सांगतात ती एकमेकांशीं जुळत नाहीं. एकाच यंत्राची संख्याहि दोन दिवसांत बदलूं शकते. यांतील खरी कोणती हें विचारण्यापूर्वीं या संख्या निघतात कशा, तें पाहिलें पाहिजे.

(२) पहिलें कारण संग्रहभेदाचें. प्रत्येक यंत्र आपल्यापुरतीं पृष्ठें गोळा करून त्यांची शब्दसूची करितें. स्टीव्ह लॉरेन्स व ली जाइल्स यांनीं १९९८ सालीं ‘सायन्स’मध्यें दाखविलें कीं, तेव्हांच्या अदमासें ३२ कोटी पृष्ठांपैकीं एक तृतीयांशाहून फारशीं अधिक पृष्ठें कोणत्याहि एका यंत्राजवळ नव्हतीं. पुढील वर्षीं ‘नेचर’मध्यें त्यांनीं एकूण पृष्ठें ८० कोटी धरलीं, त्यांत सर्वांत मोठ्या संग्रहाचा वांटा सुमारें १६ टक्केच भरला.

(३) दुसरें कारण अधिक महत्त्वाचें. शब्दसूची अनेक संगणकांवर वांटलेली असते व वाचकास पहिलीं दहा उत्तरें क्षणार्धांत हवीं असतात. म्हणून यंत्र सूची शेवटपर्यंत चाळीत नाहीं. कांहीं भाग पाहून एकंदरीचा अदमास सांगतें. दप्तरांतील चार रुमाल सोडून कागद मोजावे आणि त्यावरून सर्व दप्तराचा आंकडा सांगावा, तसाच हा प्रकार. फ्रेंच भाषाशास्त्रज्ञ झां व्हेरोनिस यांनीं २००५ सालीं गूगलमधील एक चमत्कार नजरेस आणला : ‘हा शब्द किंवा तो शब्द’ असें विचारल्यास येणारी संख्या एकट्या शब्दाच्या संख्येहूनहि कमी येई. मोजणीत असें घडणें अशक्य, अदमासांतच घडतें. शिवाय एकाच मजकुराच्या नकला कधीं धरल्या जातात, कधीं वगळल्या जातात.

(४) मराठीच्या बाबतींत आणखी अडचणी आहेत. ‘कन्नड’ हें गांवाचें नांव, तसेंच कर्नाटकाच्या भाषेचेंहि. आणि हिंदी लिहिणारेहि देवनागरींत तोच शब्द लिहितात. त्यामुळें आलेल्या आंकड्यांत गांवाचा वांटा किती, हें आंकडा सांगत नाहीं. ‘पितळखोरा’, ‘पितळखोरे’, ‘पितळखोरें’ हीं रूपें यंत्र एक मानील असा भरंवसा नाहीं. युनिकोडपूर्वीच्या टंकांत चढविलेला मराठी मजकूर शोधांत सांपडणें कठीण. केवळ छायाचित्ररूपानें ठेविलेल्या पोथीचीं अक्षरें यंत्रास वाचतां येतीलच असें नाहीं. मोडीस तर युनिकोडमध्यें स्थान २०१४ सालीं मिळालें.

(५) संशोधनास यांतून दोन धोके संभवतात. एक, ज्या रूपाचीं पृष्ठें अधिक तें रूप जुनें किंवा शुद्ध, असें अनुमान. ॲडम किलगॅरिफ यांनीं २००७ सालीं अशा आंकड्यांवर शास्त्र उभारणें अयोग्य ठरविलें, तें यथार्थ आहे. दुसरा धोका संग्राहकांस विशेष जाणवेल : यंत्रानें शून्य सांगितलें म्हणून हातांतील कागद ‘अप्रसिद्ध’ ठरवून छापणें. राजवाड्यांच्या ‘मराठ्यांच्या इतिहासाचीं साधनें’ या ग्रंथमालेंत, किंवा सरदेसायांनीं १९३० ते १९३४ या काळांत संपादिलेल्या पेशवे दप्तराच्या ४५ खंडांत तोच कागद छापलेला असूं शकेल आणि यंत्रास त्याचा पत्ताहि नसेल.

(६) तेव्हां आंकडा उद्धृत करणेंच झाल्यास यंत्राचें नांव, शोधाची तारीख व दिलेलें नेमकें शब्दरूप नमूद करावें. आलेलीं पृष्ठें उघडून प्रत्यक्ष वाचावीं व जीं खरोखर विषयाचीं असतील तेवढींच मोजावीं. कागद अप्रसिद्ध म्हणण्यापूर्वीं मात्र छापील खंडांच्या सूची चाळल्यावांचून गत्यंतर नाहीं.