मित्रमंडळींच्या गोडाच्या बेतात काय वाढावे?



ऊस विकास विभागाकडून या पानावर बेणे, खत आणि पाण्याच्या पाळ्या यांबद्दल लिहिले जाते. या वेळी आम्ही शेताच्या बांधावरून थेट आपल्या ओसरीवर येत आहोत. गळीत आटोपते, तोडणीच्या टोळ्या परत जातात, आखाजी जवळ येते आणि लोणखेडा-शहादा परिसरातल्या गावांत बोलावणी सुरू होतात. "या हो रविवारी, चार मित्र जमतोय, गोडाचंच करू काहीतरी." आता पानात काय वाढायचे, किती वाढायचे आणि कोणाला काय वाढायचे नाही, हे ठरवणे वाटते तितके सोपे नाही. आम्ही यात एकदा चांगलेच चुकलो आहोत. ती चूक आधी सांगतो.

आमची चूक

काही वर्षांपूर्वी कृषी पदविकेच्या वर्गातले आमचे जुने सोबती बऱ्याच वर्षांनी एकत्र आले. साखर कारखान्यातल्या माणसाच्या घरी बेत, मग गोडाला कमी कसे पडू द्यायचे? आम्ही श्रीखंड, जिलेबी, बासुंदी, गुलाबजाम, लाडू, शिरा आणि वर आमरस असे सात पदार्थ मांडले. त्यात एक सोबती मधुमेहाचा. आम्हाला ते ठाऊक होते, पण घोळात विसरलो. तो बिचारा नको नको म्हणत होता आणि आम्ही सगळे त्याच्या मागे लागलो होतो, "बापू, एवढी एक जिलेबी घ्याच, आमची शपथ आहे." त्याने शपथेचा मान राखला. रात्रभर त्याला तहान लागत राहिली. सकाळी तपासणीत रक्तातली साखर 400 च्या वर निघाली आणि दोन दिवस दवाखान्यात काढावे लागले. पायाला आधीची जखम होती, ती भरायला पुढे दोन महिने गेले. वहिनी आम्हाला एका शब्दाने बोलल्या नाहीत. त्या बोलल्या असत्या तर बरे झाले असते.

इकडे सात पदार्थांपैकी निम्मे उरले. बासुंदी दुसऱ्या दिवशी नासली, ती गोठ्यात गेली. माणूस दुखावला तो दुखावलाच, अन्नही वाया गेले. त्या दिवसापासून आम्ही काही नियम पाळतो.

पहिला नियम : आधी माणसे मोजा, मग पदार्थ

बोलावणे करतानाच मोकळेपणाने विचारावे, "पथ्य काही आहे का?" यात लाजायचे कारण नाही. शेताला खत देण्यापूर्वी आपण माती तपासतो, मग पाहुण्याला विचारायला काय हरकत? ज्याला मधुमेह आहे त्याच्यासाठी वेगळे, पण सर्वांसारखेच मानाचे काही असावे. बिनसाखरेचे वेलची-केशराचे दूध, ताक, भाजलेले शेंगदाणे, मुगाची भजी, बेताची पपईची फोड, यातले काहीही चालेल. पपई तर आपल्या शहादा तालुक्यात शेतोशेती आहे. मात्र त्याला एकट्याला कोपऱ्यात बसवून वेगळे ताट देऊ नये. हे पदार्थ सर्वांच्याच ताटात असावेत, म्हणजे कोणाला ओशाळे वाटत नाही. त्याची गोळी किंवा इन्सुलिन किती घ्यायचे हे त्याचा डॉक्टर सांगेल. "आज एक गोळी जास्त घे आणि खा" असा सल्ला कोणी देऊ नये.

पुष्कळांचा समज असतो की साखर वाईट, पण गूळ चालतो. गुळात थोडी खनिजे असतात हे खरे, पण त्याचा बहुतांश भाग साखरच आहे. मधुमेहाच्या माणसाला गूळ, काकवी आणि मध यांपैकी कशाचीच सूट नाही.

दुसरा नियम : एक मुख्य गोड, एक हलके, बाकी तिखट-आंबट

गोडावर गोड खाल्ले की तिसऱ्या घासाला जीभ मरते. मग सातवा पदार्थ कितीही चांगला झाला तरी कोणाला कळत नाही. म्हणून एकच मुख्य गोड करावे आणि ते मन लावून करावे. सोबत एखादे फळ आणि तोंड पालटायला काही तिखट. आपल्या खानदेशात थंडीत भरिताचे बेत होतात. वांग्याचे भरीत, कळण्याची भाकरी, कांद्याची पात आणि शेवटी एक वाटी गोड, याहून चांगला बेत कोणता?

ऋतूप्रमाणे आमची निवड अशी :

हंगामात : मळ्यातच बसावे. उसाचा ताजा रस, त्यात आले आणि लिंबू. रस गाळून त्यातच तांदूळ मऊ शिजवले आणि वर वेलची व खोबरे घातले की वेगळी साखर लागत नाही. रस मात्र काढल्याबरोबर वापरावा, ठेवला की काळा पडतो आणि आंबतो.

उन्हाळ्यात : आखाजीचा आमरस आणि खापरावरची पुरणपोळी. हातावर पसरत नेलेली ती पोळी पालथ्या खापरावर टाकायला हातखंडा लागतो. घरात जाणती आई-आजी असेल तरच हा घाट घालावा, नाहीतर साधी पोळी पुरे. आंबा चांगला पिकलेला असेल तर रसात साखर घालूच नये.

पावसाळ्यात : श्रावणात, कानबाईच्या दिवसांत, गरम लापशी किंवा गुळाचा सांजा. वर तुपाची धार.

तिसरा नियम : हिशेब कागदावर मांडा

समजा बारा माणसे आहेत आणि श्रीखंड करायचे आहे. एक किलो चक्का घ्यावा. चक्क्याइतकीच साखर घालण्याची पुष्कळ घरांतली रीत आहे, पण पाऊण किलो पुरते. एकूण पावणेदोन किलो झाले, म्हणजे माणशी सुमारे 145 ग्रॅमची एक वाटी. आता त्या वाटीत साखर किती? 750 भागिले 12, म्हणजे 62 ग्रॅमच्या वर. जागतिक आरोग्य संघटनेने 2015 साली सांगितले आहे की वरून घातलेली साखर दिवसाच्या एकूण उष्मांकाच्या दहा टक्क्यांच्या आत असावी आणि पाच टक्क्यांच्या आत राहिली तर अधिक चांगले. दिवसाला 2000 उष्मांक घेणाऱ्या माणसाला ही मर्यादा अनुक्रमे 50 आणि 25 ग्रॅम येते. म्हणजे एका वाटीतच दिवसाचा कोटा संपून वर गेला! त्यावर जिलेबी आणि गुलाबजामचा आग्रह करणे म्हणजे भरल्या सरीत पुन्हा मोटर चालू करण्यासारखे आहे. सणावाराला एक वाटी खावी, आनंदाने खावी, पण वाटी लहान ठेवावी आणि आग्रह एकदाच करावा.

चौथा नियम : साखरेचा स्वभाव ओळखा

जिलेबीचा पाक गार झाल्यावर पुन्हा दाणेदार होतो, म्हणून जाणत्या बायका त्यात लिंबू पिळतात. का? आंबटपणा आणि उष्णता मिळून साखरेचा काही भाग फुटतो आणि त्याचे ग्लुकोज व फ्रुक्टोज असे दोन भाग होतात. हे दोन्ही मिसळलेले असले की साखरेचे खडे जमत नाहीत.

आता हीच गोष्ट शेतात बघा. ऊस तोडून पडून राहिला की त्याच्यातही हेच फुटणे सुरू होते. पाकात ते आपल्याला हवे असते, उसात मात्र तो आपला तोटा आहे. फुटलेल्या साखरेचे दाणे बनत नाहीत, ती मळीत जाते. मार्च-एप्रिलच्या आपल्याकडच्या उन्हात आणि जळालेल्या उसात हे आणखी झपाट्याने होते. म्हणून तोडलेला ऊस 24 तासांच्या आत गव्हाणीत पडावा, असे आम्ही वारंवार सांगतो. कारखाना साखर तयार करीत नाही, उसात जी असेल तेवढीच काढून घेतो.

गुळाचाही एक स्वभाव सांगतो. उकळत्या दुधात गूळ टाकला की दूध फाटते. खीर खाली उतरवून थोडी निवू द्यावी, मग बारीक केलेला गूळ घालावा आणि पुन्हा उकळू नये. गूळ घेताना पिवळाधमक बघून भुलू नये. तो रंग पुष्कळदा हायड्रोस पावडरीचा असतो. थोडा काळपट गूळ बरा.

मग आपली साखर खपायची कशी?

साखर कारखान्याच्या पत्रिकेत "साखर बेताने खा" असे छापलेले पाहून काहींना हसू येईल. पण विचार करा. देशातल्या साखरेचा मोठा हिस्सा मिठाई, बिस्किटे आणि थंड पेये बनवणारे घेतात. आपल्या ओसरीवरच्या दोन वाट्यांनी बाजार हलत नाही. उसाचा रास्त व किफायतशीर दर केंद्र सरकार ठरवते आणि तो उताऱ्याला बांधलेला आहे. 10.25 टक्के हा पायाभूत उतारा धरून त्यावरच्या प्रत्येक वाढीला जास्त दर मिळतो. म्हणजे आपला फायदा पक्व, ताजा आणि स्वच्छ ऊस घालण्यात आहे, मित्राला चौथी जिलेबी वाढण्यात नाही. 1950 साली प्रवरानगरला सहकारी साखर कारखाना उभा राहिला, तो शेतकऱ्याच्या घरी चार सुखाचे दिवस यावेत म्हणून. त्या सुखात शेतकऱ्याचा पायही शाबूत राहिला पाहिजे.

आमचा तो सोबती आता बरा आहे. गेल्या थंडीत तो पुन्हा आमच्याकडे आला. भरीत केले होते, शेवटी उसाच्या रसातला भात होता आणि सर्वांसाठी वेलचीचे बिनसाखरेचे दूध. त्याने भाताचा एकच चमचा घेतला आणि वाटी बाजूला सारली. आम्ही आग्रह केला नाही. उठताना तो म्हणाला, "आज पोट भरून बोललो." यजमानाला आणखी काय हवे?

तरी सभासदांना विनंती की, बेत जरूर करावा, पदार्थ मोजके करावेत, आणि बोलावताना पथ्य विचारायला विसरू नये.

आपले,
ऊस विकास विभाग