प्रथमोपचार : शाळा-महाविद्यालयातील जबाबदारी कोणाची?

विनयपिटकातील महावग्गात एक प्रसंग आला आहे. भगवान बुद्ध आनंदासह निवासस्थानांची पाहणी करीत असता, पोटाच्या विकाराने आजारी होऊन स्वतःच्याच मलमूत्रात पडलेला एक भिक्खू त्यांना दिसला. त्याच्याजवळ कोणीही नव्हते. विचारपूस केली असता त्याने सांगितले की, मी इतर भिक्खूंच्या काही उपयोगी पडत नाही, म्हणून ते माझी सेवा करीत नाहीत. भगवंतांनी आनंदाला पाणी आणावयास सांगितले. स्वतः पाणी ओतले, आनंदाने त्याचे अंग धुतले आणि एकाने डोक्याकडून व एकाने पायाकडून उचलून त्याला मंचकावर निजविले.

हा प्रसंग आपण करुणेचे उदाहरण म्हणून प्रवचनात नेहमी ऐकतो. परंतु त्याचा पुढचा भागही तितकाच महत्त्वाचा आहे. भगवंतांनी संघाला एकत्र बोलावून समजाविले की, येथे तुमची काळजी घ्यावयास आई-वडील नाहीत, तुम्हीच एकमेकांची काळजी घेतली पाहिजे. एवढ्यावर न थांबता त्यांनी क्रम लावून दिला. आजारी भिक्खूचा उपाध्याय असेल तर त्याने सेवा करावी. आचार्य असेल तर त्याने करावी. शिष्य असेल तर शिष्याने, गुरुबंधू असेल तर गुरुबंधूने करावी. आणि यांपैकी कोणीच नसेल तर संपूर्ण संघाने करावी. जो हे कर्तव्य टाळील त्याला दुक्कट नावाचा दोष सांगितला. म्हणजे आजाऱ्याची सेवा कोणी करावयाची, हे त्या त्या भिक्खूच्या मर्जीवर सोडले नाही. प्रत्येक आजाऱ्यासाठी जबाबदार व्यक्ती ठरवून दिली.

आपल्या शाळा, महाविद्यालये व वसतिगृहे यांतील प्रथमोपचाराचा विचार याच दृष्टीने करावयास हवा.

पेटी आहे, किल्ली कोणाकडे?

बहुतेक शाळांत प्रथमोपचार पेटी असते. ती मुख्याध्यापकांच्या खोलीतील कपाटात असते, कपाटाला कुलूप असते, आणि किल्ली ज्यांच्याकडे असते ते त्या दिवशी रजेवर असतात. पेटी उघडलीच तर आत सुकलेला आयोडीन, मुदत संपलेले मलम आणि कापसाचा एक मळका बोळा निघतो. यात कोणाची दुष्टबुद्धी नसते. सर्वांचे काम म्हटले की ते कोणाचेच राहत नाही, एवढेच त्याचे कारण.

कामगारांच्या बाबतीत ही गोष्ट कायद्याने पूर्वीच ओळखली होती. १९४८ च्या कारखाना अधिनियमात दर दीडशे कामगारांमागे किमान एक प्रथमोपचार पेटी ठेवावी, आणि प्रत्येक पेटी प्रथमोपचाराचे प्रमाणपत्र असलेल्या एका स्वतंत्र जबाबदार व्यक्तीच्या ताब्यात असावी व ती व्यक्ती कामाच्या वेळेत सहज उपलब्ध असावी, अशी तरतूद करण्यात आली. कारखान्यातील कामगार हा सज्ञान माणूस असतो. शाळेतील मूल स्वतःचे दुखणे नीट सांगूही शकत नाही. त्याच्यासाठी तर ही व्यवस्था अधिकच चोख असली पाहिजे.

वायनाडची घटना

नोव्हेंबर २०१९ मध्ये केरळच्या वायनाड जिल्ह्यातील सुलतान बत्तेरी येथील एका शाळेत पाचवीतील दहा वर्षांच्या मुलीला वर्ग चालू असताना सर्पदंश झाला. वर्गाच्या जमिनीत भोक होते, त्यात तिचा पाय गेला होता. तिला ताबडतोब रुग्णालयात न नेता तिच्या वडिलांची वाट पाहण्यात आली, असे तिच्या वर्गमित्रांनी नंतर सांगितले. मुलगी दगावली. राज्यभर संताप उसळला, शिक्षकांवर कारवाई झाली. पण गेलेला वेळ परत येत नाही.

त्या वर्गातील लहान मुलांना जे कळत होते ते मोठ्यांना का करता आले नाही? निर्णय घेण्याचा अधिकार कोणाचा, हे आधी ठरलेले नसले की प्रत्येक जण दुसऱ्याकडे पाहतो. कोणी वरिष्ठांची परवानगी मागतो, कोणी पालकांना फोन लावीत बसतो. म्हणून प्रत्येक शाळेने एक नियम लेखी करून ठेवावा : जीवाला धोका दिसत असेल तर प्रथम दवाखाना, आणि त्याच वेळी दुसऱ्या व्यक्तीकडून पालकांना निरोप. परवानगीसाठी थांबावयाचे नाही.

जबाबदारीची वाटणी

मुख्याध्यापक अथवा प्राचार्य यांनी वर्षारंभीच एका प्रशिक्षित व्यक्तीची व तिच्या गैरहजेरीत काम पाहणाऱ्या दुसऱ्या व्यक्तीची लेखी नेमणूक करावी. दोघांची नावे प्रत्येक वर्गात, व्हरांड्यात व खेळाच्या मैदानाजवळ मोठ्या अक्षरांत लावावीत. जेथे मुली शिकतात तेथे दोघांपैकी एक तरी शिक्षिका असावी. मुलींच्या कित्येक तक्रारी संकोचामुळेच सांगावयाच्या राहून जातात. प्रयोगशाळा, मध्यान्ह भोजनाचे स्वयंपाकघर, वसतिगृह व सहल यांसाठी स्वतंत्र माणूस नेमावा. वसतिगृहात रात्रीची जबाबदारी कोणाची, हे तर ठरलेच पाहिजे.

नेमलेल्या व्यक्तीची कामे थोडक्यात अशी : महिन्यातून एकदा पेटी तपासणे, संपलेल्या वस्तू आणवून घेणे, प्रत्येक घटनेची तारीख, वेळ व केलेला उपाय वहीत नोंदविणे, आणि १०८ क्रमांक, जवळचे प्राथमिक आरोग्य केंद्र, ग्रामीण रुग्णालय व वाहनचालक यांचे दूरध्वनी भिंतीवर लावणे. १०८ ची रुग्णवाहिका सेवा महाराष्ट्रात २०१४ पासून विनामूल्य चालू आहे. ती येण्यास वेळ लागणार असेल तर गावातील कोणाची जीप मिळेल, हे आधीच विचारून ठेवावे.

वर्गशिक्षकांनी प्रत्येक मुलाची आरोग्यविषयक माहिती पालकांकडून घ्यावी : दमा, फेफरे, मधुमेह, हृदयाचा विकार, औषधाची वावडी. विदर्भात आदिवासी बांधवांप्रमाणेच आपल्या समाजातही सिकलसेलचे रुग्ण आढळतात. अशा मुलाला अतिश्रम, थंडी किंवा पाणी कमी पडल्यामुळे हातापायांत व पोटात असह्य वेदना सुरू होतात. बाहेरून काहीच दिसत नाही, म्हणून मूल ढोंग करते असे समजून त्याला कवायतीला उभे केले जाते. शिक्षकांना माहिती असेल तर ते त्याला उबेत ठेवतील, पाणी पाजतील व वेळेवर रुग्णालयात नेतील. सिकलसेल निर्मूलनाचे राष्ट्रीय अभियान २०२३ मध्ये सुरू झाले आहे. तपासणीसाठी संस्थांनी त्याचा लाभ घ्यावा.

पेटीत काय असावे

निर्जंतुक गॉज, निरनिराळ्या रुंदीच्या पट्ट्या, त्रिकोणी झोळीपट्टी, चिकटपट्टी, कात्री, चिमटा, हातमोजे, साबण, तापमापक, ओआरएसची पाकिटे, हाताला बांधावयाच्या सपाट पट्ट्या, विजेरी, वही व पेन. सॅनिटरी पॅडही ठेवावेत. डोकेदुखीच्या, तापाच्या गोळ्या शिक्षकांनी आपल्या मनाने मुलांना देऊ नयेत. दम्याचा पंप किंवा नेहमीचे औषध असेल तर डॉक्टरांची चिठ्ठी व पालकांची लेखी संमती घेऊन मुलाच्या नावाने ते वेगळे ठेवावे. पेटी उंचावर असावी, परंतु कुलूपबंद नसावी.

नेहमी घडणारे प्रसंग

प्रथमोपचार म्हणजे डॉक्टर येईपर्यंत जीव वाचविणे व दुखणे वाढू न देणे. खालील गोष्टी प्रत्येक शिक्षकाला व वरच्या वर्गातील विद्यार्थ्याला ठाऊक असाव्यात.

रक्तस्राव : स्वच्छ कापड जखमेवर दाबून धरावे, मध्ये मध्ये उचलून पाहू नये. हळद, कॉफी, चुना किंवा राख भरू नये.

घोळणा फुटणे : मुलाला बसवून मान किंचित पुढे करावी आणि नाकाचा मऊ भाग दहा मिनिटे चिमटीत धरावा. मान मागे टाकल्यास रक्त घशात उतरते.

भाजणे व आम्ल सांडणे : त्या जागी वाहते थंड पाणी वीस मिनिटे सोडावे. बर्फ, टूथपेस्ट, शाई, तूप लावू नये. फोड फोडू नयेत. डोळ्यात रसायन गेल्यास डोळा उघडा धरून भरपूर पाण्याने धुवावा व लगेच दवाखाना गाठावा.

फेफरे : मुलाला कुशीवर वळवावे, आजूबाजूच्या वस्तू दूर कराव्यात, घड्याळ पाहावे. तोंडात चमचा घालू नये, हातपाय दाबून धरू नयेत. चप्पल किंवा कांदा हुंगविल्याने फेफरे थांबत नाही. ते आपोआप थांबते, आणि श्रेय मात्र चपलेला मिळते. पाच मिनिटांत न थांबल्यास रुग्णालयात न्यावे.

घशात घास अडकणे : मूल खोकू शकत असेल तर खोकू द्यावे. आवाजच निघत नसेल तर पुढे वाकवून दोन्ही खवाट्यांच्या मध्ये पाच थापा माराव्यात. न निघाल्यास मागून मिठी घालून बेंबीच्या वर पाच वेळा आत व वर असा दाब द्यावा. पुन्हा तोच क्रम करावा. एका वर्षाखालील बाळाला पोटावर दाब देऊ नये.

विजेचा धक्का : प्रथम मुख्य बटण बंद करावे, मगच हात लावावा.

सर्पदंश : नाग, मण्यार, घोणस व फुरसे हे आपल्याकडील चार प्रमुख विषारी साप. मुलाला धीर द्यावा, चालू देऊ नये, दंश झालेला अवयव हलू देऊ नये व थेट सरकारी रुग्णालयात न्यावे. घट्ट दोरी बांधू नये, चिरा देऊ नये, विष चोखू नये, मांत्रिकाकडे वेळ घालवू नये. मण्यार बहुधा रात्री, जमिनीवर झोपलेल्यांना चावते; वेदना फार होत नाही व खूणही धड दिसत नाही. वसतिगृहातील मूल पहाटे पोटदुखी, जड झालेल्या पापण्या, अडखळते बोलणे अशी तक्रार करीत असेल तर अपचन समजून थांबू नये. विंचूदंशातही मुलाला घाम सुटला, हातपाय गार पडले तर तातडीने न्यावे. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन या औषधाचा उपयोग दाखवून दिल्यापासून विंचूदंशाचे मृत्यू पुष्कळ घटले. मात्र औषध डॉक्टरांच्याच हाती असते.

श्वास व हृदय थांबणे : छातीच्या मध्यभागी मिनिटाला १०० ते १२० वेळा दाब द्यावयाचा असतो, मोठ्या माणसात तो सुमारे पाच सेंटीमीटर खोल जावा लागतो. हे कृत्रिम श्वासाबरोबर प्रत्यक्ष पुतळ्यावर शिकूनच हातात बसते. म्हणून प्रशिक्षण आवश्यक आहे. इंडियन रेड क्रॉस व सेंट जॉन ॲम्ब्युलन्स या संस्था ते देतात.

सेवा करणाऱ्याचे गुण

महावग्गात आजाऱ्याची सेवा करणाऱ्याचे पाच गुण सांगितले आहेत. त्याला औषध तयार करता यावे. पथ्य-अपथ्य कळावे व अपथ्य दूर ठेवता यावे. त्याने लाभासाठी नव्हे तर मैत्रीभावाने सेवा करावी. मलमूत्र, थुंकी, ओकारी यांची किळस करू नये. आणि आजाऱ्याला चांगल्या बोलण्याने धीर द्यावा. आजच्या प्रथमोपचारकालाही यापेक्षा वेगळे काय सांगणार? आजाऱ्यासाठीही तेथे सूचना आहे : आपले दुखणे त्याने जसे असेल तसे सांगावे. विद्यार्थी मित्रहो, लपविलेली जखम व लाजेने न सांगितलेला ताप हे दोन्ही महाग पडतात.

किळस न करणे हा गुण आपल्या समाजाला विशेष समजावा. स्पर्श नाकारला जाण्याचे दुःख आपल्या पूर्वजांनी भोगले आहे. ओकलेल्या मुलाजवळ जावयास शिक्षक कचरतात, ते काम शिपायावर किंवा सफाई करणाऱ्या बाईंवर सोडतात, तेव्हा तेच जुने वळण पुन्हा दिसते. हातमोजे अवश्य घालावेत, ते सर्वांच्याच रक्षणासाठी आहेत. पण हात मात्र पुढे करावा.

काहींना पोलीस व कोर्टकचेरीची भीती वाटते. रस्त्यावरील अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास त्रास होऊ नये यासाठीच्या मार्गदर्शक सूचनांना सर्वोच्च न्यायालयाने २०१६ मध्ये मान्यता दिली आणि २०१९ च्या मोटार वाहन कायद्यातील दुरुस्तीने सद्‌भावनेने मदत करणाऱ्याला संरक्षण दिले. शाळेबाहेरील रस्त्यावर एखाद्या मुलाला वाहनाने उडविले तर उचलण्यास भिऊ नये.

संस्थांनी एवढे करावे

सावित्रीबाई फुले या शिक्षिका होत्या. १८९७ च्या प्लेगमध्ये मुंढव्याच्या महारवाड्यातील आजारी मुलाला त्यांनी स्वतः पाठीवर घेऊन डॉ. यशवंतरावांच्या दवाखान्यात नेले. त्याच साथीची लागण होऊन १० मार्च १८९७ रोजी त्यांचे निधन झाले. तो मुलगा आपली जबाबदारी आहे की नाही, हे त्यांनी कोणाला विचारले नाही.

प्रत्येकाकडून असा त्याग अपेक्षिता येणार नाही, आणि नीट व्यवस्था असेल तर त्याची गरजही पडणार नाही. आपल्या समाजाच्या संस्थांनी चालविलेल्या प्रत्येक शाळेत, वसतिगृहात व अभ्यासिकेत येत्या सत्रापूर्वी चार गोष्टी व्हाव्यात : दोन नावे भिंतीवर लागावीत, दोघांचे प्रशिक्षण व्हावे, पेटीचे कुलूप निघावे, आणि ‘प्रथम दवाखाना’ हा नियम लेखी व्हावा. खर्च फारसा नाही. आपली मुले शिकावीत म्हणून गावोगावचे आई-वडील त्यांना मोठ्या विश्वासाने आपल्या हाती सोपवितात. त्यांच्या गैरहजेरीत त्या मुलांचे आई-वडील आपणच आहोत.

जय भीम! नमो बुद्धाय!