निळ्या अक्षरांमागचा पत्ता

दसरा-दिवाळी जवळ आली की ई-मेलच्या पेटीत साड्या, मोबाइल, विमा आणि सहलींच्या जाहिरातींचा नुसता पाऊस पडू लागतो. प्रत्येक पत्रात एक निळी अधोरेखित ओळ किंवा रंगीत बटण असतेच: 'येथे क्लिक करा.' बाकीचा मजकूर कुणी वाचो न वाचो, पाठवणाऱ्याचा सारा जीव त्या एका ओळीत अडकलेला असतो.

तो का, हे समजून घ्यायचे तर बंगळूरच्या कोरमंगला वस्तीत डोकवावे लागेल. आठ ब्लॉकांची ही वस्ती. इथल्याच दोन खोल्यांच्या एका फ्लॅटमध्ये २००७ साली सचिन बन्सल आणि बिन्नी बन्सल या दोन तरुणांनी 'फ्लिपकार्ट' सुरू केले. दोघांचे आडनाव एक, पण नाते काही नाही. घरबसल्या पुस्तके मागवता येतात, हे लोकांना पटवून देण्यासाठी ते पुस्तकांच्या दुकानांबाहेर उभे राहून वाचनखुणा वाटत. वाचनखूण हातात पडलेल्या माणसाला घरी जायचे, संगणक सुरू करायचा, पत्ता टंकायचा, एवढे सोपस्कार होते. तोवर पुस्तकाची इच्छा टिकली तर ठीक! पत्रातली लिंक नेमके हे अंतर पुसून टाकते. मनात आले की बोट टेकवावे आणि दुकानात हजर व्हावे.

हे अंतर किती जुने आहे पाहा. १९७८ मध्ये अमेरिकेतील डिजिटल इक्विपमेंट कंपनीच्या गॅरी थर्क यांनी सुमारे चारशे जणांना संगणकावरून एकच जाहिरात पाठवली. ई-मेलवरच्या जाहिरातबाजीची ती सुरुवात मानली जाते. पण त्या पत्रात क्लिक करण्याजोगे काहीच नव्हते. प्रात्यक्षिक पाहायला अमुक ठिकाणी या, एवढेच निमंत्रण होते. एका कागदावरून दुसऱ्या कागदावर उडी मारण्याची सोय टिम बर्नर्स-ली यांच्या वर्ल्ड वाइड वेबने दिली, तीही पुढे १९९०च्या सुमारास.

या सोयीची खरी ताकद ओळखली ती हॉटमेलने. त्याचे एक संस्थापक सबीर भाटिया यांचे शालेय शिक्षण पुण्यात आणि बंगळूरमध्ये झालेले. ४ जुलै १९९६ रोजी त्यांनी जॅक स्मिथ यांच्यासोबत हॉटमेल सुरू केले. भांडवल पुरवणाऱ्या टिम ड्रेपर यांनी सुचवले की, प्रत्येक ग्राहकाच्या प्रत्येक पत्राखाली मोफत ई-मेलची एक ओळ पत्त्यासह टाका. संस्थापक आधी कचरले. दुसऱ्याच्या खासगी पत्राखाली आपली जाहिरात डकवायची, हे कचरण्यासारखेच होते म्हणा. पण ओळ गेली आणि मामाचे पत्र भाच्याला, भाच्याचे मित्राला, अशी ती आपोआप पसरत गेली. डिसेंबर १९९७ मध्ये मायक्रोसॉफ्टने कंपनी विकत घेतली, तेव्हा खातेदार ८५ लाखांहून अधिक झाले होते.

दिसते एक, जाते दुसरीकडे

लिंकची एक खुबी मात्र बहुतेकांच्या ध्यानात येत नाही. डोळ्यांना दिसणारी अक्षरे आणि त्यांच्यामागे दडलेला पत्ता या दोन अगदी स्वतंत्र गोष्टी आहेत. वर 'दिवाळीच्या साड्या पाहा' असे लिहून मागे कुठलाही पत्ता जोडता येतो. सोय म्हणूनच ती तशी घडवली गेली, कारण लांबलचक पत्ते वाचायला कुणाला आवडणार?

व्यापाऱ्यांनी या खुबीचा हिशेबासाठी उपयोग केला. एकच पत्र हजारो लोकांना जाते, पण त्यातली लिंक प्रत्येकाची निराळी असते. तिच्या शेपटीला प्रत्येकाचा सांकेतिक क्रमांक जोडलेला असतो. तुम्ही क्लिक केले की आधी गाठ पडते ती मोजणी करणाऱ्या संगणकाशी. कुणी, किती वाजता, कोणत्या ओळीवर बोट ठेवले याची तिथे नोंद होते आणि पापणी लवायच्या आत तुम्हाला दुकानात पाठवले जाते. तुम्ही साडी घेतली नाही तरी कोणत्या साडीवर रेंगाळलात, हे दुकानदाराला कळते! हा हिशेबही बिनचूक नसतो बरे का. अनेक कार्यालयांतली सुरक्षा यंत्रणा माणसाच्या आधीच लिंक उघडून तपासते, आणि दुकानदार मात्र ग्राहक आला म्हणून खूश होतो.

ही मोजणी बेकायदा नाही, पण तिची किंमत ग्राहक चुकवतो. लिंकमागचा पत्ता तपासा, असे बँका आणि पोलिस कळकळीने सांगत असतात. गृहिणीने तो तपासला तर प्रामाणिक दुकानाच्या पत्रातही भलत्याच कंपनीचे नाव आणि पुढे अगम्य अक्षरांची माळ दिसते. चार वेळा असे झाले की पाचव्या वेळी ती पाहणेच सोडून देते. ते पाचवे पत्र बँकेचे नाव लावून आलेल्या भामट्याचे असते. भामट्याला काही नवे शोधावे लागलेच नाही. विचित्र पत्त्यांची सवय लोकांना सभ्य दुकानांनी आधीच लावून ठेवली आहे.

म्हणून घरून केक, पापड किंवा दागिने विकणाऱ्या भगिनींनी ग्राहकांना पत्रे पाठवताना एवढे जरूर पाहावे. लिंक आपल्याच दुकानाच्या नावाच्या पत्त्यावर न्यावी. मोजणी हवीच असेल, तर तीही आपल्याच नावाखाली करून देण्याची सोय पत्रे पाठवणाऱ्या अनेक सेवांत असते. 'येथे क्लिक करा' असे मोघम लिहिण्याऐवजी 'चकलीचे दर पाहा' असे लिहावे. आणि वर एक पत्ता छापून मागे दुसरा जोडण्याचा प्रकार चुकूनही करू नये. अशा पत्राचा ई-मेल सेवांनाही संशय येतो आणि ते थेट स्पॅमच्या ढिगात जाऊन पडते.

वाचणाऱ्याने काय करावे? संगणकावर लिंकवर क्लिक न करता माउसचा बाण नुसता नेऊन ठेवला की खालच्या कोपऱ्यात खरा पत्ता उमटतो. मोबाइलवर लिंक दाबून धरली की बहुधा तो दिसतो. सुरुवातीच्या दोन तिरप्या रेघा सोडून पुढची पहिली तिरपी रेघ शोधावी आणि तिच्या अगदी डावीकडचे शब्द पाहावेत. पत्त्याच्या आरंभी बँकेचे नाव कुणीही घालू शकतो, खरा मालक कळतो तो रेघेलगतच्या शब्दांवरून. रिझर्व्ह बँकेने २०२५ मध्ये बँकांना आपले पत्ते 'डॉट बँक डॉट इन' या शेपटावर नेण्यास सांगितले, त्यासाठी ३१ ऑक्टोबर २०२५ ही मुदत दिली. हे शेपूट फक्त बँकांनाच मिळते, त्यामुळे ओळख थोडी सोपी झाली आहे. तरीही पैशांचा व्यवहार असेल, तर पत्रातली लिंक सोडून बँकेचा पत्ता स्वतः टंकणेच बरे. फसवणूक झालीच, तर १९३० या क्रमांकावर लगेच फोन करावा. पैसे पुढच्या खात्यातून निघून जाण्याआधी अडवता येण्याची शक्यता सुरुवातीच्या काही तासांतच जास्त असते.

नको असलेली पत्रे बंद करण्याची लिंक पत्राच्या तळाशी बारीक अक्षरांत असते. ओळखीच्या दुकानाचे पत्र असेल तर ती खुशाल दाबा. जीमेल आणि याहूने २०२४ पासून मोठ्या प्रमाणावर पत्रे पाठवणाऱ्यांना एका क्लिकमध्ये नाव कमी करण्याची सोय देणे बंधनकारक केले आहे. अनोळखी पत्रातली अशी लिंक मात्र दाबू नका. या पत्त्यावर कुणीतरी पत्रे वाचते आहे, एवढेच त्यातून पाठवणाऱ्याला कळते आणि दुसऱ्या दिवशी आणखी चार पत्रे येतात. ते पत्र सरळ स्पॅममध्ये टाकावे.