दुःखाचा प्याला : एका राजचिन्हाचा अर्थपालट

एखाद्या स्मारकवस्तूवर जे अंकित केलेले असते, तोच तिचा अर्थ असतो काय, हा अर्थविचारातील एक मूलभूत प्रश्न होय. त्याच्या विवेचनास रशियातील एका साध्या प्याल्याचे उदाहरण उपयुक्त ठरते.

मे १८९६ मध्ये मॉस्को येथे झार दुसरा निकोलस याचा राज्याभिषेक झाला. त्या निमित्ताने प्रजाजनांना वाटण्यासाठी सुमारे ४ लक्ष भेटी सिद्ध करण्यात आल्या. पाव, सॉसेज, मिठाई इत्यादी खाद्यपदार्थ आणि एनॅमलचा मुलामा दिलेला धातूचा एक प्याला, असे त्या भेटीचे स्वरूप होते. प्याल्यावर सम्राट व सम्राज्ञी यांच्या नावांची आद्याक्षरे, राजमुकुट आणि १८९६ हा सन अंकित केलेला होता. राजसत्तेच्या दृष्टीने त्याचा अर्थ निःसंदिग्ध होता : सम्राटाच्या औदार्याची ती खूण होती.

वाटपासाठी निवडलेले खोदिन्का मैदान लष्करी कवायतीचे असून त्यात चर, खड्डे व जुन्या विहिरी होत्या. आदल्या रात्रीपासूनच तेथे लोक जमू लागले. भेटी सर्वांना पुरणार नाहीत, तसेच प्याल्यांत नाणी ठेवलेली आहेत, अशा वार्ता पसरल्या. जुन्या रशियन पंचांगाप्रमाणे १८ मे, म्हणजे नव्या पंचांगाप्रमाणे ३० मे रोजी पहाटे वाटप सुरू होताच समुदाय पुढे लोटला. पुढचे लोक खड्ड्यांत पडले व मागचे त्यांच्यावर कोसळले. सरकारी गणनेनुसार १,३८९ माणसे मृत्यू पावली. तरीही नियोजित समारंभ रद्द झाले नाहीत. त्याच रात्री फ्रेंच राजदूताने दिलेल्या नृत्यसमारंभास सम्राट उपस्थित राहिला.

यानंतरची भाषिक घटना विशेष लक्षणीय आहे. रशियन भाषेत अशा रोजच्या वापरातील प्याल्यास 'क्रुझ्का' म्हणतात. 'चाशा' हा शब्द मात्र प्रौढ भाषेतला असून ख्रिस्ताने स्वीकारलेल्या दुःखाच्या पात्राचे स्मरण त्याच्याशी निगडित आहे. या प्याल्यास 'दुःखाचा प्याला' असे नाव पडले आणि त्यासाठी 'चाशा' हाही शब्द योजला गेला. प्याल्याचा आकार तोच राहिला व त्यावरील अक्षरेही तीच राहिली. परंतु राजाचे औदार्य सुचविणारी वस्तू प्रजेच्या मृत्यूची वाचक झाली. 'खोदिन्का' हे स्थलनामही रशियनमध्ये प्राणघातक चेंगराचेंगरी या अर्थी सामान्यनाम बनले. टॉल्स्टॉयने १९१० मध्ये याच नावाची कथा लिहिली.

मराठी अभ्यासकास ही प्रक्रिया अपरिचित नाही. १७६१ च्या लढाईनंतर 'पानिपत होणे' हा संपूर्ण विनाशाचा वाचक प्रयोग आपल्या भाषेत रूढ झाला. दोन्ही ठिकाणी स्थलनामाने घटनेचा अर्थ धारण केला. प्याल्याच्या बाबतीत मात्र एक अधिक विशेष आढळतो. तेथे अर्थ रिक्त नव्हता. तो राजाज्ञेने आधीच निश्चित केलेला होता. लोकव्यवहाराने तो बाजूस सारून त्या जागी दुसरा अर्थ स्थापित केला.

यावरून असे दिसते की, चिन्ह घडविणाऱ्याचा हेतू हा अर्थाचा केवळ आरंभ असतो. पुढे तो टिकणे वा पालटणे हे भाषिक समाजाच्या स्मृतीवर अवलंबून असते. शासनाने नियोजित समारंभ रद्द केले असते, तर कदाचित या प्याल्याचे नाव निराळे झाले असते. तसे न झाल्यामुळे शोकाची नोंद करण्याचे कार्य भाषेकडे आले, आणि ते तिने एका नावाच्या द्वारे पार पाडले.