नरोटी कुणाची, ताट कुणाचं?

श्रोतेहो, आज आपण डाळजमध्ये बसून व्हिडिओ गेममधल्या नायिकांविषयी बोलणार आहोत. विषय परका वाटेल, पण प्रश्न आपल्या घरातला आहे. एखाद्या गेमचे चाहते त्यातली नायिका आपल्या मनाप्रमाणे पुन्हा घडवतात. तिचे कपडे बदलतात, स्वभाव बदलतात, कधी सगळी गोष्टच फिरवतात. मग ओरड सुरू होते, 'आमच्या नायिकेची वाट लावली!' या टीकेतलं घ्यायचं किती आणि सोडायचं किती, हे कसं ठरवायचं?

अशा टीकेसाठी मराठीत चारशे वर्षांपूर्वीचा एक शब्द आहे, नरोटी. म्हणजे नारळाची रिकामी करवंटी. संत एकनाथांनी शके १५०६ मध्ये, म्हणजे इ.स. १५८४ ला, ज्ञानेश्वरीची शुद्ध प्रत सिद्ध केली. नकलांमधून पाठ बिघडत गेले होते. म्हणून त्यांनी बजावलं, की या ग्रंथात आपली ओवी घालणं म्हणजे अमृताच्या भरल्या ताटात करवंटी ठेवणं.

आता गंमत बघा. याच नाथांनी भागवतातली रुक्मिणी घेऊन 'रुक्मिणी स्वयंवर' रचलं, रामकथा घेऊन 'भावार्थ रामायण' लिहायला घेतलं. मग हे बोलणं एक आणि करणं एक झालं का? आम्हाला तसं वाटत नाही. दुसऱ्याच्या ग्रंथात भेसळ करणं वेगळं आणि तीच कथा आपल्या नावानं नव्यानं सांगणं वेगळं. नाथांचा विरोध भेसळीला होता.

हा फरक इरावती कर्व्यांनी नेमका ओळखला. त्यांच्या 'युगान्त'ला १९६८ चा साहित्य अकादमी पुरस्कार मिळाला. त्यात द्रौपदीच्या अखेरच्या क्षणांविषयी त्या स्वतःच्या कल्पनेनं लिहितात, पण त्याआधी सांगून टाकतात, की महाभारत इथपर्यंत, इथून पुढं माझी नरोटी. सांधा कुठं आहे ते वाचकाला दिसतं. म्हणून ती लबाडी ठरत नाही.

पुनर्निर्मितीला लावायची पहिली कसोटी ही. सांधा उघड आहे का?

पण तेवढ्यानं भागत नाही. लारा क्रॉफ्ट ही नायिका १९९६ साली 'टूम रेडर' गेममधून आली. काही चाहत्यांनी त्या गेममध्ये फेरफार करून तिला विवस्त्र केलं आणि तो फेरफार सगळीकडं वाटला. इथं सांधा उघडच होता, फसवणूक कुणाचीच नव्हती. तरी आपल्याला ते खटकतं. का? कपडे कमी झाले म्हणून? तेवढंच कारण असेल तर आपली टीका शिंप्याची झाली. खरं कारण असं, की या बदलातून लाराला करायला नवं काहीच मिळालं नाही. ती फक्त बघायची वस्तू झाली.

दुसरं उदाहरण घ्या. १९८१ च्या 'डाँकी काँग' गेममध्ये एक महाकाय वानर पॉलीनला पळवून नेतो आणि मारिओ तिला सोडवायला जातो. वर उभं राहून वाट बघणं एवढंच तिचं काम. २०१३ साली माइक मिका या अमेरिकन गेमकारानं आपल्या छोट्या मुलीसाठी त्यात फेरफार केला. आता पॉलीन धावते, उड्या मारते आणि मारिओला सोडवते. बदल बघायला गेलं तर थोडा, पण तिच्याकडं कर्तेपण आलं.

ही दुसरी कसोटी. बदलानंतर ती कर्ती झाली, की कर्म?

आणि 'मूळ ते पवित्र' म्हणणाऱ्यांना एक विचारायला हवं. प्रत्येक ताटात अमृतच असतं का? १९८६ च्या 'मेट्रॉइड'मध्ये सॅमस ही चिलखतातली योद्धा बाई आहे हे शेवटी कळतं. पण गेम जितका झटपट संपवाल तितके तिच्या अंगावरचे कपडे कमी! हा मूळ गेमच आहे, चाहत्यांची करणी नव्हे. मूळ ताटातच करवंटी असेल, तर ती उचलणाऱ्याला आपण दोष कसा देणार?

आपल्या बायकांनी हे जात्यावर कधीच केलं होतं. गी पॉइतेव्हाँ आणि हेमा राईरकर यांनी पुण्यातून जात्यावरच्या ओव्यांचा जो संग्रह उभा केला, त्यात एक लाखाहून अधिक ओव्या आहेत. त्यांतली सीता सासुरवास सोसते, वनवासात एकटी पडते, आणि दळणारी बाई तिच्यात स्वतःला पाहते. वाल्मीकींची परवानगी कुणी मागितली नाही. कुणाची फसवणूकही झाली नाही, कारण ही ओवी दळणारणीची आहे, हे ऐकणाऱ्याला ठाऊक होतं.

त्याच पुण्यात २०२० साली 'राजी' नावाचा गेम तयार झाला. त्यातली मुलगी असुरांनी पळवलेल्या धाकट्या भावाला शोधायला निघते, दुर्गेनं दिलेला त्रिशूळ हातात घेऊन. ही पुनर्निर्मिती नव्हे, नवी नायिका आहे. पण ती बघून उद्या एखादी पोरगी आपली राजी घडवू लागली, तर तिला आधीच 'वाट लावलीस' म्हणू नका. तू काय बदललंस ते सांगितलंस का, आणि तुझी राजी आता काय करते, एवढं विचारा. उत्तर पटलं नाही तर खुशाल टीका करा. ती टीका तिच्या कामाची असेल.