‘रिग्रेट’ म्हणजे नक्की काय?

मागच्या महिन्यात आपल्या एका ताईंच्या मोबाईलवर बँकेचा इंग्रजी मेसेज आला. त्यात ‘लोन’ दिसलं म्हणून त्यांना वाटलं, कर्ज मंजूर झालं! शेळ्यांचा इसारही देऊन बसल्या. मेसेजची सुरुवात होती, ‘वुई रिग्रेट टु इन्फॉर्म यू...’ म्हणजे अर्ज नामंजूर.

रिग्रेट हे क्रियापद आहे. मूळ अर्थ मनाला लागणारा: पस्तावणं, हळहळणं. ‘आय रिग्रेट लीव्हिंग स्कूल’ म्हणजे शाळा सोडल्याचा मला पस्तावा होतो. (हे वाक्य आपल्यातल्या कितीजणींचं असेल!) इथे पुढच्या शब्दाला ‘इंग’ लागलंय, म्हणजे गोष्ट होऊन गेलेली.

पण रिग्रेटच्या पुढे ‘टु इन्फॉर्म’ किंवा ‘टु से’ आलं, तर समजायचं की वाईट बातमी आता येतेय. आपल्या सरकारी पत्रात ‘कळविण्यास खेद वाटतो’ असतं ना, तसंच. खेदबिद कुणाला नसतो, ती लिहायची पद्धत.

तेव्हा असा मेसेज आला तर आधी सीआरपी ताईंना नाहीतर मला दाखवा, इसाराचं नंतर बघू. आणि गप्प बसू नका. रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कर्ज नाकारण्याचं मुख्य कारण बँकेने लेखी कळवायचं असतं. ते मागा. त्या ताईंनी मागितलं. जुन्या कर्जाचे दोन हप्ते थकलेले दाखवत होते, ताईंनी तर ते भरलेले! पावत्या घेऊन त्या पुन्हा बँकेत गेल्यात.